हातांची जबानी

कर्णबधिरांचा म्हणून जो एक सप्ताह सप्टेंबर महिन्यात जगभर पाळला जातो, त्याच्या निमित्ताने आमच्या सोलापुरात भरलेल्या एका समारंभास मी गेल्या वर्षी श्रोता म्हणून उपस्थित होतो. व्यासपीठावरील मंडळी सुविद्य होती, हारतुरे यथास्थित झाले, मुलांना वह्या आणि पेढे वाटण्यात आले, आणि मग अध्यक्षस्थानी विराजमान झालेल्या गृहस्थांनी पाऊण तास भाषण केले. ज्यांच्यासाठी हा खटाटोप मांडला होता ती साठसत्तर मुले पहिल्या चार रांगांत बसली होती, आणि त्यांना त्या पाऊण तासातले एक अक्षरही कळले नाही. कारण ते भाषण हातांनी उलगडून सांगणारा दुभाष्या ठेवण्याचे कोणास सुचले नव्हते, किंवा सुचले असलेच तर, अध्यक्षांनी पुढे जे प्रतिपादन केले ते पाहता, ते औचित्यभंगाचे मानले गेले असावे. त्यांचे म्हणणे असे की, खुणांची भाषा ही मुळी भाषाच नव्हे, तो हातवाऱ्यांचा खेळ होय; तो दर गावाला आणि दर घराला निराळा; त्याचा नाद मुलाला एकदा लागला की ते बोलण्याचे कष्ट घेईनासे होते; सबब आपले मूल मराठी समाजात ताठ मानेने वावरावे अशी ज्या आईबापांची इच्छा असेल त्यांनी त्याचे हात आवरावेत आणि ओठ हलवावेत. टाळ्या पुष्कळ पडल्या. मोठी माणसे टाळ्या वाजवीत आहेत हे पाहून मुलांनीही वाजविल्या, म्हणजे दोन्ही हात वर करून पंजे हलविले. त्यांच्यात टाळी अशीच वाजवितात.

त्या गृहस्थांचे नाव मी घेत नाही. ते सज्जन आहेत, आणि हे मत त्यांच्या एकट्याच्या मालकीचेही नाही. शिक्षकांत, डॉक्टरांत, सरकारी अंमलदारांत आणि खुद्द आईबापांत ते इतके मुरलेले आहे की त्याला कोणी मत म्हणत नाही, वस्तुस्थिती म्हणतात. मी भाषाशास्त्री नाही आणि कर्णबधिरांचा शिक्षकही नाही. जन्मभर दिवाणी कज्जे चालविलेला एक वकील आहे. पुरावा कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये एवढीच माझी विद्या, आणि तेवढ्याच शिदोरीवर मी ही कैफियत लिहावयास बसलो आहे.

अध्यक्षांचा पहिला कोटिक्रम व्युत्पत्तीचा होता. ‘भाषा’ शब्दाच्या मुळाशी बोलणे या अर्थाचा धातू आहे, तेव्हा जी बोलली जात नाही ती भाषा कशी, असे त्यांनी विचारले. व्युत्पत्तीने वस्तूचे स्वरूप ठरवू लागलो तर तेल हे तिळाचेच असले पाहिजे, आणि आमच्या जिल्ह्यातील बायका पिढ्यान्‌पिढ्या कढईत ओतीत आल्या ते करडईचे तेल हे तेल नव्हे, असा निवाडा द्यावा लागेल. शाई हा शब्द फारसीतील काळेपणावरून आलेला, तेव्हा मास्तर ज्या तांबड्या शाईने चुकांवर रेघा ओढतात ती शाई नव्हे, असेही ठरेल. व्युत्पत्तीचीच हौस असेल तर कचेरीतला एक शब्द मी सुचवितो: जबानी. जबान म्हणजे जीभ, आणि साक्षीदार जिभेने जे सांगतो ती त्याची जबानी. आता १८७२ सालचा पुराव्याचा कायदा उघडावा. त्यातील ११९ वे कलम सांगते की, ज्याला बोलता येत नाही असा साक्षीदार लिहून किंवा खुणा करून, मात्र भर न्यायालयात, साक्ष देऊ शकेल, आणि अशा रीतीने दिलेला पुरावा हा तोंडी पुरावाच समजला जाईल. तोंडी! तो कायदा रचणारे सर जेम्स स्टीफन हे भावनाविवश होण्याबद्दल कधीच प्रसिद्ध नव्हते. ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला ते सांगता आले पाहिजे, मग तो ते कशानेही सांगो, एवढाच रोकडा व्यवहार त्यांनी पाहिला. पुढे १८८५ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे दुलारी नावाच्या स्त्रीच्या खुनाचे प्रकरण आले. गळा चिरला गेल्यामुळे तिला बोलता येत नव्हते, आणि मरणापूर्वी विचारलेल्या प्रश्नांना तिने हाताच्या खुणांनी उत्तरे दिली होती. ती उत्तरे कायद्याच्या अर्थाने शाब्दिक निवेदन ठरतात, असा निर्णय बहुमताने झाला. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या हातांवर विश्वास ठेवून माणसाला फाशी देण्याइतका पुरावा ग्राह्य धरला गेला, त्याच हातांना वर्गात दोन अधिक दोन चार म्हणण्याचा अधिकार मात्र नाही, असे हे अध्यक्ष म्हणतात.

हे मत त्यांनी आणले कोठून? या दोन तारखांच्या मध्ये, १८८० च्या सप्टेंबरात, इटलीतील मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. १६४ प्रतिनिधी जमले. त्यांत स्वतः बहिरा असा एकच. १६० विरुद्ध ४ अशा मतांनी तेथे ठरले की, शिक्षणात वाणी ही खुणांहून श्रेष्ठ असून शुद्ध मौखिक पद्धतीचाच अवलंब व्हावा. पॅरिसात आबे द लेपे यांनी शतकापूर्वीच बहिऱ्यांच्या स्वतःच्या खुणांवर उभारलेली शाळा, तिच्यातून निघालेली शिक्षकांची परंपरा, अमेरिकेत १८१७ पासून चाललेले काम, हे सारे या मतदानाने एका आठवड्यात मोडीत काढले गेले. बहिरे शिक्षक शाळांतून कमी होत गेले, मुलांचे हात बांधले गेले, छड्या बसल्या. या ठरावानंतर पाचएक वर्षांनी बिशप मेउरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत बहिऱ्यामुक्यांची शाळा निघाली, आणि पुढे आपल्या प्रांतात ज्या शाळा निघत गेल्या त्यांपैकी बहुतेकींनी मिलानचे वारे घेतले. असल्या ठरावांचे नेहमी होते तेच याही ठरावाचे झाले: तो करणारे विसरले, पाळणारे विसरले नाहीत. २०१० साली व्हँकुव्हर येथे त्याच परिषदेच्या वारसांनी मिलानचे ठराव नाकारून झाल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. हुकूम रद्द झाल्याची नक्कल आमच्या अध्यक्षांपर्यंत अद्याप पोहोचलेली दिसत नाही.

ओठांविषयी बोलू. ओष्ठवाचन म्हणजे समोरच्याचे ओठ पाहून शब्द ओळखणे, यावर मौखिक पद्धतीचा सारा डोलारा उभा आहे. वाचकांनी एक करावे. हा लेख बाजूला ठेवून आरशापुढे उभे राहावे आणि आवाज न काढता ‘पीठ’ म्हणावे, मग ‘मीठ’ म्हणावे. मग ‘पाय’ आणि ‘माय’. मग ‘बाबा’ आणि ‘मामा’. आरशातला माणूस दोन्ही वेळी एकच शब्द बोलतो. प, फ, ब, भ, म ही पाचही अक्षरे मिटलेल्या ओठांतून सुटतात, आणि त्यांच्यातला भेद घशात, नाकात आणि श्वासात असतो. क, ख, ग, घ तर ओठांपर्यंत येतच नाहीत. ट आणि त यांतले अंतर जीभ आत कोठे टेकते यावर, आणि तिथे डोळा पोहोचत नाही. ज्याने आयुष्यात कधी मराठी ऐकलेली नाही अशा चार वर्षांच्या मुलाने या मिटल्याउघडल्या ओठांकडे पाहून मराठी शिकावी, ही अपेक्षा म्हणजे मोडी लिपीतले, तेही वाळवी लागलेले दफ्तर एखाद्या मुलापुढे टाकून त्यालाच त्यातून लिपी शोधून काढ म्हणण्यासारखे आहे. ज्याला आधी भाषा येते तो ओठांवरून उरलेले तर्काने भरून काढतो, आणि म्हातारपणी कान गेलेले आजोबा ते बऱ्यापैकी साधतातही. जन्मबहिऱ्या मुलाजवळ भरून काढावयास मुळात काही नसते.

आणि सोलापुरात हे ओठ तरी कोणत्या भाषेत हलणार? अध्यक्षमहाराजांनी ‘मातृभाषा’ हा शब्द सातआठ वेळा उच्चारला, म्हणून विचारतो. पूर्व भागात, जेथे पद्मशाली समाजाची घरे आणि मागांचे कारखाने भिंतीला भिंत लावून उभे आहेत, तेथे घरातली आई तेलुगू बोलते. मुलगा शाळेत जातो ती मराठी. गल्लीच्या कोपऱ्यावरचा दुकानदार दखनी उर्दू बोलतो. आणि अक्कलकोटकडून येणारी भाजीवाली कन्नड. आमच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची वचनेसुद्धा कन्नडात आहेत. ऐकणारे मूल या चारही भाषा रस्त्यावर खेळता खेळता उचलते आणि त्याचे आपल्याला काही वाटत नाही. पण बहिऱ्या मुलाला शाळेतला वाचाउपचारक मराठी ओठ शिकवितो, घरी आईचे ओठ तेलुगू बोलतात, आणि संध्याकाळी कान नसलेले ते पोर दोन्हींच्या मध्ये बसून राहते. ‘मातृभाषा’ म्हणजे आईच्या तोंडची भाषा असा अर्थ केला तर या मुलाची मातृभाषा तेलुगू. ती शिकविणारी शाळा नाही. मूल ज्या भाषेत प्रथम विचार करू लागते ती मातृभाषा, असा अर्थ केला तर ती त्याच्या हातांत आहे, आणि तीच आवरा असा अध्यक्षांचा हुकूम आहे.

भाषा दर गावाला निराळी असते, हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा याची मला मौज वाटते, कारण बारा कोसांवर बदलणाऱ्या भाषेचे कौतुक आपणच करतो. पण येथे वस्तुस्थितीही आक्षेपाच्या विरुद्ध आहे. हिमाचलातील खेड्यात जन्मलेले, अकराव्या वर्षी ताप येऊन कान गेलेले आणि पुढे अमेरिकेत जाऊन बहिऱ्यांच्या विद्यापीठात शिकविणारे मदन वसिष्ठ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर या शहरांतील कर्णबधिरांच्या खुणा गोळा केल्या, आणि १९७८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार या दूरदूरच्या शहरांतील शब्दसंग्रहाचा सुमारे पाऊण हिस्सा एकच निघाला. मराठी, बंगाली, हिंदी आणि कन्नड यांची अशी बेरीज करून पाहावी. पुढे उल्रीके झेशन या जर्मन विदुषीने दिल्ली आणि कराची येथील खुणांचे व्याकरण मांडले, तेव्हा ते एकाच भाषेचे व्याकरण असल्याचे दिसून आले. फाळणीने जे तोडले त्यात ही भाषा नव्हती. त्याच बहिऱ्यांच्या विद्यापीठात, वॉशिंग्टनच्या गॅलोडेट येथे, विल्यम स्टोकी यांनी १९६० साली प्रथम दाखविले की, प्रत्येक खूण ही हाताची ठेवण, जागा आणि हालचाल अशा घटकांत फुटते, जसा शब्द वर्णांत फुटतो. आणि कोणी असे समजू नये की हे सारे परदेशातच चालले होते. १९९७ साली आपल्याच मागांच्या गावाहून, इचलकरंजीहून, दिलीप देशमुख यांनी सांकेतिक भाषा आणि कर्णबधिरांचे द्विभाषिक शिक्षण या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सोलापूर आणि इचलकरंजी यांच्यात चादरीवरून आणि धोतरावरून चढाओढ चालते. या एका बाबतीत आम्ही निमूटपणे हार मान्य करावी हे बरे.

व्याकरणाचे दोन मासले देतो. आपल्याकडील खुणांच्या भाषेत ‘तुझे नाव काय’ याचा क्रम तू, नाव, काय असा. प्रश्नार्थक शब्द शेवटी, आणि भुवया वर गेल्या नाहीत तर तो प्रश्नच नव्हे. ‘देणे’ ही खूण माझ्याकडून तुमच्याकडे हलली की मी तुम्हाला दिले, तुमच्याकडून माझ्याकडे हलली की तुम्ही मला दिले. कर्ता, कर्म आणि विभक्ती या तिन्हींचे काम हाताच्या एका प्रवासात उरकते, ज्यासाठी मराठीला ‘ने’ आणि ‘ला’ यांची धावाधाव करावी लागते. बाई म्हणताना बोट नाकाच्या पाळीवर, जेथे चमकी असते तेथे टेकते; पुरुष म्हणताना मिशीवर. ही भाषा कोणा विद्वानाने बसून रचली असती तर त्याला चमकी सुचली नसती. (भरताच्या नाट्यशास्त्रातील हस्तमुद्रांशी तिचे नाते जोडण्याचा मोह काही उत्साही लेखकांना होतो. मुद्रा पाठ असलेली नर्तिका आणि खुणांनी बोलणारा मुलगा समोरासमोर उभे केले तर त्यांचे एकमेकांना काही कळणार नाही. तो नाद सोडावा.)

दर घराला निराळ्या खुणा असतात हे मात्र खरे आहे, आणि त्याचे कारण अध्यक्षांनी सांगितले नाही ते मी सांगतो. अमेरिकेतील पाहण्यांनुसार दहांतील नऊंहून अधिक बहिरी मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. अशा घरात मूल आणि आई मिळून दहावीस खुणा ठरवितात: जेवण, पाणी, झोप, आजी, मार. हे मूल दुसऱ्या बहिऱ्या मुलांत गेलेच नाही तर ते तेवढ्याच खुणांवर म्हातारे होते. अकबर बादशहाने मनुष्याची मूळ भाषा कोणती हे शोधण्यासाठी तान्ही मुले मुक्या दाईंच्या स्वाधीन करून महालात कोंडली. काही वर्षांनी जाऊन पाहिले तेव्हा भाषा म्हणून काहीच निघाले नाही. भाषा एकट्याला फुटत नाही. पण हीच मुले एके ठिकाणी जमू द्यावीत. निकाराग्वा देशात १९७० च्या दशकाच्या अखेरीस बहिऱ्या मुलांची शाळा प्रथमच मोठ्या प्रमाणावर सुरू झाली; शिक्षक वर्गात स्पॅनिश ओठ शिकवीत राहिले आणि मुलांनी मैदानावर व शाळेच्या मोटारीत घरच्या खुणा एकत्र करून दहापंधरा वर्षांत एक नवी, व्याकरणशुद्ध भाषा उभी केली. आपल्याकडील मूकबधिर विद्यालयांच्या वसतिगृहांतही हीच विद्या थोरल्याकडून धाकट्याकडे गेली, दिवे मालवल्यावर, मोरीवर, जेवणाच्या पंगतीत, मास्तरांची पाठ फिरताच बाकाखाली. जी शाळा हात आवरण्यास शिकवीत होती तिच्याच छपराखाली ही भाषा जिवंत राहिली.

खुणांनी मूल आळशी होते, या म्हणण्याला आधार काय, असे मी एका वाचाउपचारकांस विचारले होते. अनुभव, असे ते म्हणाले. अनुभवाला अनुभवाने उत्तर देता येते. ज्यांचे आईबापही बहिरे आहेत आणि ज्यांना पाळण्यातच खुणा मिळाल्या अशी मुले, केवळ ओठांवर वाढविलेल्या मुलांहून वाचनात मागे पडत नाहीत, उलट पुढे जातात, हे अमेरिकेत १९६० च्या दशकातच तपासून पाहण्यात आले. ते स्वाभाविकही आहे. मराठी हे दुसरे घर बांधावयाचे असेल तर आधी कोठेतरी राहावे लागते.

येथे मला एक गोष्ट मान्य केली पाहिजे, नाहीतर मी वकिली करतो आहे असा आरोप येईल. मौखिक पद्धतीच्या शिक्षिकांना मी काम करताना पाहिले आहे. मेणबत्तीच्या ज्योतीपुढे मुलाकडून ‘प’ म्हणवून घ्यायचा, ज्योत हलली की तो साधला, मुलाचा पंजा आपल्या गळ्यावर ठेवून ‘ब’चा कंप त्याला दाखवायचा, आणि असे महिनोन्‌महिने करीत एका ‘पाणी’ या शब्दापर्यंत पोहोचायचे. त्यांच्या चिकाटीला मी तोंडदेखला नमस्कार करीत नाही, मनापासून करतो. ज्यांच्या कानांत काही शिल्लक आहे, ज्यांना श्रवणयंत्राने शब्द पकडता येतो, अशांची वाणी याच कष्टांनी फुललेली आहे. माझा प्रश्न एवढाच की, त्या एका शब्दाला जी तीन वर्षे लागली त्या तीन वर्षांत त्या मुलाला पाऊस का पडतो, आजोबा कोठे गेले, दुकानदाराने पैसे कमी का दिले, हे कोणी आणि कशाने सांगितले? वाणी शिकवावी, तिची वाट पाहत मुलाला उपाशी ठेवू नये.

कानात यंत्र बसविण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, ज्याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात, अध्यक्षांनी बरेच सांगितले आणि आता खुणांची गरजच संपली असा निष्कर्ष काढला. त्यावर फार लिहिण्याचे कारण नाही. लहानपणी, वेळेवर, आणि पुढे वर्षानुवर्षे उपचाराची सोय असेल तर त्याने पुष्कळ मुलांना लाभ होतो, तो घ्यावा. परंतु ते यंत्र काही लाखांचे आहे, त्याची शस्त्रक्रिया सरकारी मदतीने झाली तरी बॅटरी आणि तारा आयुष्यभर आपल्या खर्चाने. मागावर काम करणाऱ्या कुटुंबाला ते किती दिवस झेपते हे पाहावयास त्यांनी पूर्व भागात एक चक्कर मारावी. २०११ च्या जनगणनेत ऐकू न येणाऱ्यांची संख्या ५० लाखांवर भरली. त्यांतले बहुतेक आजच मोठे आहेत, आणि त्यांच्यासाठी यंत्राची वेळ केव्हाच टळून गेली.

राहता राहिला समाज. समाजात मिसळायचे तर बहिऱ्याने आमच्यासारखे व्हावे, हा विचार कोणालाही वावगा वाटत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापाशी मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. तेथील चिल्मार्क गावात एकोणिसाव्या शतकात दर पंचविसांत एक माणूस जन्मतः बहिरा होता, म्हणून गावातल्या ऐकणाऱ्यांनीच खुणा शिकून घेतल्या, कोळी मचव्यावरून खुणांनी बोलत, आणि कोण बहिरा होता हे पुढच्या पिढीला आठवून सांगावे लागे. इतक्या दूर जावयाचे नसेल तर आमच्याच डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांकडे पाहावे. १९३८ साली ते देश सोडून चीनमध्ये गेले आणि तेथल्या जखमी शिपायांना मराठी किंवा इंग्रजी शिका असे त्यांनी सांगितले नाही. ते स्वतः चिनी शिकले, त्याच भाषेत त्यांनी विद्यार्थ्यांना शिकविले आणि १९४२ मध्ये तिकडेच देह ठेवला. त्यांच्या नावाचा अभिमान आम्ही उठता बसता मिरवितो. चीनपेक्षा पूर्व भाग जवळ आहे.

सिद्धरामेश्वरांच्या गेल्या संक्रांतीच्या यात्रेत, संमती कट्ट्यावर अक्षता पडावयाच्या आदल्या घटकेला, सातही नंदीध्वज येऊन उभे होते, वाद्यांच्या गजरात शेजारच्याचे शब्द कानात शिरत नव्हते, आणि आम्ही चार वकील एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होतो. तेव्हा एका गच्चीच्या कठड्याला रेललेला एक तरुण आणि खाली गर्दीत चेपलेला दुसरा, मध्ये हजारएक डोकी असताना, सावकाशपणे गप्पा मारीत होते. वरच्याने काही विनोद केला असावा, कारण खालचा हसता हसता मागच्या माणसावर आदळला. त्या सबंध गर्दीत नीट संभाषण त्या दोघांचेच चालले होते.

आता माझी स्वतःची एक जबानी. वारशाचा कायदा आमच्या शास्त्रात असा होता की, मनुस्मृतीने जन्मांध, बधिर आणि मूक यांना मिळकतीतील हिश्श्याला अपात्र ठरविले होते, अन्नवस्त्र तेवढे द्यावे म्हटले होते. १९२८ च्या कायद्याने ही अपात्रता काढली आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिचा मागमूसही ठेवला नाही. कायद्यातून गेलेली गोष्ट घरातून जायला वेळ लागतो. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी, मी ज्युनियर वकील असताना, जिल्ह्यातील एका न्यायालयात एक वाटणीचा दावा चालला होता. वादी हा विणकर, जन्मतः बहिरा, शाळेचे तोंड न पाहिलेला. थोरल्या भावाने त्याच्याकडून राहत्या घराचे हक्कसोडपत्र करून घेतले होते, आणि त्यावर त्याचा अंगठा होता. आम्ही थोरल्याच्या, म्हणजे प्रतिवादीच्या बाजूने होतो. मुक्याला काय करायची वाटणी, असे तो थोरला आमच्या बैठकीत दोनदा बोलला होता, आणि त्यावर कोणी काही म्हटले नव्हते. साक्षीसाठी दुभाष्या हवा म्हणून घरातला एक चुलतभाऊ उभा करण्यात आला. त्याचे नाव आमच्याच बाजूने सुचविले होते, आणि वादीच्या वकिलांनी हरकत घेतली नाही.

उलटतपासात माझ्या सीनियरांनी विचारले, या कागदावरचा अंगठा तुमचा आहे काय? कागद त्याच्यापुढे धरून अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. मी बोट ठेवले. त्याने मान हलविली, आणि मग त्याचे हात सुरू झाले. रंगीत सुताने त्याच्या अंगठ्याला जांभळा डाग पडलेला होता. उजवी मूठ खालीवर, खालीवर, स्टोव्हला पंप मारतात तशी. मग डबा तिरपा करून ओतणे. मग दोन तळवे वहीसारखे उघडून मिटणे. मग बाकावर बसलेल्या थोरल्याकडे बोट, आणि स्वतःच्या खांद्यावर स्वतःचाच हात, भाऊ भावाच्या टाकतो तसा. मग तळहातावर अंगठा दाबणे. आणि शेवटी दोन्ही हात रिकामे पसरून, भुवया वर करून, न्यायासनाकडे पाहणे. हे सारे मिनिटभर चालले असेल. न्यायाधीश मागची जबानी टंकलेखकास सांगत होते. दुभाष्या म्हणाला, “होय म्हणतो. अंगठा त्याचाच आहे.” जबानीत उतरले: ‘कागदावरील अंगठा माझा आहे.’

रॉकेलच्या कार्डासाठी कचेरीत चल असे सांगून भावाने मला नेले आणि अंगठा उठविला, असे तो म्हणत होता. त्या काळी ज्याच्या घरी स्टोव्ह पेटत होता त्याला हे कळायला कोणत्याही दुभाष्याची गरज नव्हती. मला कळले होते. मी कागद घडी करून सीनियरांच्या हाती दिला.

पुढे २०१३ साली त्याच ११९ व्या कलमात दुरुस्ती होऊन, बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची जबानी घेताना न्यायालयाने दुभाष्या किंवा विशेष शिक्षक यांचे साहाय्य घ्यावे आणि तिचे चित्रीकरण व्हावे असे ठरले. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात हेच कलम १२५ वे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बहिऱ्या मुलांना त्यांना सर्वांत योग्य अशा भाषेत शिक्षण देण्याची जबाबदारी शाळांवर टाकली. दिल्लीच्या सांकेतिक भाषा संशोधन केंद्राने १०,००० शब्दांचा भारतीय सांकेतिक भाषेचा कोश केला. आणि २०२३ च्या सप्टेंबरात सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्यापुढे दुभाष्यामार्फत, आपल्या हातांनी उभ्या राहिल्या. त्या विणकराला यातले काहीच मिळाले नाही. घरच्या वीसपंचवीस खुणांपलीकडे त्याला कोणी भाषा दिली नव्हती, आणि जी होती ती नोंदवायला न्यायालयात कोणी नव्हते. हात आवरा असे अध्यक्ष म्हणाले तेव्हा मला ते हात आठवले, आणि म्हणून टाळ्या वाजवणे मला जमले नाही.

तो दावा खर्चासह फेटाळला गेला. अपील झाले नाही. त्या कामाचे मला दीडशे रुपये मिळाले होते.